थांबण्याची विद्या

ज्या गृहस्थाने आयुष्याची बत्तीस वर्षे मुलांना ‘घाई करू नका’ असे सांगण्यात घालविली, त्यानेच उतारवयात एका सकाळी घाई करून घरच्या यंत्राचा सत्यानाश करावा, यापरते उपहासास्पद ते काय? वाचकहो, तो गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखकच होय. घरच्या मोटारीविषयी या सदरात केव्हातरी लिहावे, अशी सूचना काही वाचकांकडून आली आहे. यंत्रशास्त्रात आमची गती शून्य. तथापि आमच्या गाडीने आम्हास जो एक धडा शिकविला, तो सांगण्यास यंत्रशास्त्राची फारशी गरज नाही. थोडा निगरगट्टपणा मात्र पाहिजे. तो वयोमानाने आम्हास आला आहे.

आमच्या घरी गाडी आली ती २००३ साली. आम्ही तिघे भाऊ वसईस एकत्र राहत होतो आणि घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे होती. अशा कुटुंबास चार माणसांची चिमुकली गाडी काय पुरणार? थोरले बंधू, म्हणजे दादा, रेल्वेच्या नोकरीत होते. त्यांनी टोयोटा कंपनीची ‘क्वालिस’ घ्यावयाची असे ठरविले आणि त्याचे जे कारण दिले ते मोठे मौजेचे होते. आमच्या वडिलांनी ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक बांधून जपून ठेवले होते व दादांचे बाळपण त्यांवर पोसलेले होते. गाडीच्या कागदांवर ‘टोयोटा किर्लोस्कर’ अशी अक्षरे पाहताच दादा म्हणाले, “ही परक्याची गाडी नव्हे. ही आपल्या लक्ष्मणरावांच्या घरातली गाडी आहे.”

या म्हणण्यात तथ्य होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे आमच्यासारखे मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवीत असता आपल्याला डावलले गेले असे पाहून ते नोकरी सोडून निघाले, बेळगावास सायकलींचे दुकान चालवू लागले आणि पुढे लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे ते नांगर आरंभी कोणी घेईना, ही कथा आमच्या पिढीच्या कानांवरून अनेकदा गेली आहे. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. त्याच घराण्यातील चौथ्या पिढीचे विक्रम किर्लोस्कर यांनी जपानच्या टोयोडा मंडळींशी प्रथम १९९५ साली सूत कातण्याच्या यंत्रांसाठी भागी केली आणि १९९७ साली मोटारींसाठी. बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना उभा राहिला आणि २००० सालच्या जानेवारीत त्यांची पहिली गाडी बाजारात आली, ती क्वालिस. विक्रमराव २०२२ साली निवर्तले.

हा सर्व इतिहास दादांनी मातोश्रींस ऐकविला, तेव्हा त्या माउलीने एवढेच सार काढले : “नांगरवाल्यांची ना ही गाडी? मग आपल्या चिखलाला भ्यायची नाही!”

आणि खरोखरच पंधरा वर्षे ती भ्याली नाही. तिचे रूप काही देखणे नव्हते. एखाद्या पेटाऱ्यास चाके लावावी तसा तिचा आकार. मागील बाजूस पट्ट्यांच्या स्प्रिंगा असल्यामुळे शेवटच्या बाकावरील मुले खड्डा आला की छपराकडे झेप घेत आणि त्यातच त्यांस परमानंद वाटे. डिझेलचे इंजिन सुरू झाले की शेजाऱ्यांस आमच्या प्रस्थानाची वार्ता आपोआप कळे. परंतु वज्रेश्वरीची उन्हाळी असोत, जीवदानीचा नवरात्रातला मेळा असो, की नाशिकास जाऊन करावयाचे श्राद्ध असो, तिने वाटेत कधी दगा दिला नाही. वसईच्या खाऱ्या वाऱ्याने तिच्या दारांच्या खालच्या कडा खाल्ल्या. पण इंजिनाची तक्रार म्हणून नव्हती. तेल बदलावे, गाळण्या बदलाव्या, एवढ्यावर ती संतुष्ट असे. ही निगा वालीवकडे गॅरेज चालविणारा आमचा एक जुना विद्यार्थी राखीत असे. वर्गात असता ‘राम’ शब्द चालविताना तृतीयेपाशी त्याची गाडी हटकून बंद पडे. आमची गाडी मात्र त्याने कधी बंद पडू दिली नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. २०१८ सालच्या जुलैत वसई-विरारवर जो पाऊस कोसळला, तो येथील लोक अद्याप विसरलेले नाहीत. नालासोपाऱ्यास रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार दरम्यानच्या गाड्या बंद पडल्या, मिठागरांतील माणसे अडकून पडली आणि कित्येक वस्त्यांची वीज गेली. पूर्वी येथील पाणी शेते, तळी व खाजणे यांत पसरून खाडीस मिळे. आता त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत आणि पाण्याला जावयास वाट नाही. दिवाणमानाच्या अलीकडे आमचे घर. आमच्या अंगणात पाणी कमरेइतके चढले व गाडी बॉनेटापर्यंत बुडाली. पाणी ओसरावयास दोन दिवस लागले.

दादांची मूत्रपिंडे तेव्हा निकामी झालेली होती व आठवड्यातून दोनदा त्यांस रक्तशुद्धीसाठी न्यावे लागे. ठरलेला दिवस पुरात बुडाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरले, रस्ता दिसू लागला आणि दादांच्या पायांवरची सूज पाहून आमचा जीव थाऱ्यावर राहिना. आम्ही त्या विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. गाडी बुडाली होती एवढे ऐकताच तो म्हणाला, “सर, किल्ली लावू नका. काही झाले तरी लावू नका. बॅटरीची तार सोडा आणि थांबा. मी दोन तासांत पोहोचतो.” त्याने ते वाक्य तीनदा सांगितले. तृतीयेपाशी अडखळणाऱ्या मुलाने आम्हास थांबावयास शिकवावे, हे मनाच्या कोठल्यातरी कोपऱ्यात आम्हास रुचले नसावे, असे आज प्रामाणिकपणे लिहिणे भाग आहे. दोन तास! दोन तासांत काय होईल कोणी सांगावे? आम्ही मनातल्या मनात गणपतीचे नाव घेतले, आसनावर बसलो आणि किल्ली फिरविली.

एकदा नुसती घरघर झाली. दुसऱ्यांदा फिरविली तेव्हा आतून लोखंडावर घण बसावा तसा एक ठोका ऐकू आला, आणि पुढे शांतता.

त्याचे कारण त्या विद्यार्थ्याने आम्हास मागाहून समजावून सांगितले. इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन वर येतो तेव्हा तो हवा दाबतो, हवा दबते. डिझेलच्या इंजिनात तर ती विलक्षण दाबली जाते. परंतु गाडी बुडाली की हवेच्या वाटेने पाणी त्या नळकांड्यात शिरते, आणि पाणी दबत नाही. किल्ली फिरविली की वर निघालेला पिस्टन त्या पाण्यावर आपटतो व त्याला धरणारा पोलादी दांडा, ज्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो वाकतो. आमच्या गाडीचे दोन दांडे वाकले होते. आम्ही स्वस्थ बसलो असतो, तर त्याने हीटर प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढले असते, तेले बदलली असती आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी चालू झाली असती. सारांश, पुराने आमच्या गाडीचे फारसे वाकडे केले नव्हते. जे वाकडे झाले ते आमच्या दोन बोटांनी केले.

दादांस त्या दिवशी एका शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर खुर्ची बांधून नेले. ते सुखरूप परत आले. रात्री आम्ही त्यांच्या उशाशी खाली मान घालून बसलो असता ते म्हणाले, “अरे, मला दोन तास उशीर चालला असता. यंत्राला तुझी घाई चालली नाही, एवढेच.” ते रागावले असते तर बरे झाले असते, असे आम्हास त्या क्षणी वाटले.

गाडी महिनाभर वालीवास पडून होती. विमा केवळ तृतीय पक्षाचा असल्यामुळे सारा खर्च आमच्या शिरावर आला, आणि तो आमच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून पुष्कळ अधिक होता. त्या महिन्यात दादांनी अंथरुणावर पडल्या पडल्या आमच्या कडून टोयोटा घराण्याचा इतिहास वाचून घेतला. आम्हास वाटले होते, दुसऱ्याच्या यशाची कथा ऐकून त्यांचा वेळ जाईल. पण त्या कथेने आमचेच कान धरले.

ही मोटारींची कंपनी निघाली ती हातमागातून. सकिची टोयोडा हा १८६७ साली जपानातील एका खेड्यात सुताराच्या घरी जन्मला. गावातील बायका, त्यांत त्याची आईही, रात्री उशिरापर्यंत मागावर राबत असत. त्यांचे कष्ट पाहून तो मागाची सुधारणा करण्याच्या नादी लागला. १८९१ साली त्याने लाकडी हातमागाचे पहिले एकस्व मिळविले, पाच वर्षांनी यांत्रिक माग केला आणि १९२४ साली त्याचा प्रसिद्ध स्वयंचलित माग सिद्ध झाला. आपल्या शेजारच्या भिवंडीत जे गेले असतील त्यांस ठाऊक आहे की यंत्रमाग हा मोठा आंधळा प्राणी आहे. धोटा इकडून तिकडे धावत असतो. मध्येच धागा तुटला तर त्याला त्याचे काहीच वाटत नाही, तो सदोष कापड तसेच पुढे विणीत राहतो. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागे. सकिचीने युक्ती काढली ती ही, की धागा तुटताक्षणीच माग आपणहून थांबावा. माग अधिक वेगाने चालावा यासाठी जगात पुष्कळांनी डोके चालविले होते. माग योग्य वेळी थांबावा यासाठी या सुताराच्या पोराने चालविले. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने १ लक्ष पौंडांना विकत घ्यावयाचे ठरविले. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, त्यानेच जपानी सुताराच्या मुलाचा माग पैसे मोजून घेतला!

येथे आम्हा संस्कृतवाल्यांस गोड वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. यंत्र आपणहून चालणे याला जपानी भाषेत ‘जिदोका’ म्हणतात. टोयोटाची मंडळी हा शब्द लिहिताना त्याच्या मधल्या चित्राक्षरास ‘मनुष्य’ या अर्थाचा एक अवयव अधिक जोडतात. उच्चार तोच राहतो. परंतु ‘आपणहून हलणारे’ याऐवजी ‘आपणहून, पण माणसाच्या समजुतीने काम करणारे’ असा अर्थ होतो. एका काना-मात्रेने अर्थ पालटतो हे आम्ही मुलांस जन्मभर शिकविले. एका अवयवाने कारखाना पालटतो हे आम्हास ठाऊक नव्हते. त्यांचे आडनावही असेच. टोयोडा म्हणजे ‘पिकाने भरलेले भातखाचर’. १९३६ साली गाड्यांसाठी त्याचे ‘टोयोटा’ केले. तसे लिहिले की लेखणीचे आठ फटकारे होतात, आणि आठ ही संख्या तिकडे शुभ मानतात.

सकिची १९३० साली वारला. त्याचा पुत्र किइचिरो याने १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारींचे खाते उघडले. पहिल्या मालमोटारी १९३५ साली रस्त्यावर आल्या व जागोजाग मोडून पडू लागल्या. मालकाने काय करावे? त्याने माणसे धाडली, मोडलेल्या गाड्या दुरुस्त करून दिल्या आणि प्रत्येक मोडणीचे कारण शोधून पुढील गाडीत ते काढून टाकले. १९३७ साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. १९५० साली ती बुडण्याच्या बेतास आली, कामगारांस काढावे लागले आणि किइचिरोने स्वतः अधिकारपद सोडले. दोनच वर्षांनी तो वारला. कंपनीचा भाग्योदय त्याला पाहावयास मिळाला नाही. पुढे बापाच्या मागातील युक्ती गाड्यांच्या कारखान्यात आली. तेथे कामगाराच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली असते. कामात दोष दिसला की सामान्यांतल्या सामान्य कामगाराने ती ओढावी. दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि दोष निघाला नाही तर सगळी रांग थांबते. दोरी ओढणाऱ्यास कोणी रागे भरावयाचे नाही, असा तेथील दंडक आहे.

हे वाचून दाखविताना आम्ही मध्येच थांबलो. दादांनी विचारले, “काय झाले?” आम्ही म्हणालो, “काही नाही. आमचीही दोरी एकाने ओढली होती. तीनदा ओढली होती.”

तथापि, वाचकहो, त्या कंपनीस देवत्व देण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांनी ही विद्या जगाला दिली, तेही ती विसरले. २००९ व २०१० साली त्यांस जगभरातील लक्षावधी गाड्या दोषांसाठी परत बोलवाव्या लागल्या. सकिचीचा पणतू अकिओ टोयोडा याने २४ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींसमोर उभे राहून क्षमा मागितली आणि आमची वाढ फार वेगाने झाली असावी, अशी कबुली दिली. एवढ्यावर भागले नाही. सकिचीने १९२६ साली मागांसाठी जी कंपनी काढली होती, ती आज डिझेलची इंजिनेही करते. त्या इंजिनांच्या शक्तीच्या चाचण्यांत लबाडी झाल्याचे २०२४ सालच्या जानेवारीत उघड झाले. दहा जातींच्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली आणि आपल्याकडील इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स यांसही काही दिवस कारखान्यातच बसावे लागले. तुटल्या धाग्यावर थांबणारा माग ज्या घरात जन्मला, त्याच घरात तुटलेला धागा लपविला गेला! यावरून एवढेच दिसते की थांबण्याची विद्या ही वारसाहक्काने मिळणारी इस्टेट नव्हे. ती प्रत्येक पिढीला, किंबहुना प्रत्येक सकाळी, नव्याने शिकावी लागते.

आणि आमच्यासारख्यांनी ती विशेष शिकावी. भारवीच्या किरातार्जुनीयात संतापलेल्या भीमाला युधिष्ठिर अविचाराने घाई न करण्याविषयी जो उपदेश करतो, तो आम्ही किती वर्षे शिकविला याची गणती नाही. मुलांकडून तो पाठ करून घेतला, अन्वय लावून घेतला, न आल्यास छडीही मारली. वृत्तांत यति कोठे येते, मंदाक्रांतेत चौथ्या व दहाव्या अक्षरावर थांबले नाही तर श्लोकाचा गळा कसा घोटला जातो, हे आम्ही फळ्यावर रेघा ओढून दाखविले. पण जेव्हा भावाच्या पायावर सूज होती आणि हातात किल्ली होती, तेव्हा भारवी आमच्या मदतीस आला नाही. आला असता तरी आम्ही ऐकले असते की नाही, शंकाच आहे. ज्याने ऐकावयास सांगितले त्याची पायरी आम्ही मनात आधीच ठरवून ठेवली होती. त्या जपानी कारखान्यात दोरी सामान्य कामगाराच्या हाती दिली आहे, यातील मर्म आम्हास येथे उमगले. दोष ज्याला दिसतो त्याचे ऐकावयाचे. त्याला ‘राम’ शब्द येतो की नाही, हे पाहावयाचे नाही.

दर पावसाळ्यात आपल्या गावी पाणी भरते, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी येथे सांगून ठेवतो. पाऊस वाढताच गाडी उंचावर नेऊन ठेवावी. बुडालीच, तर किल्ली लावू नये, ‘एकदाच पाहू’ असेही म्हणू नये. शक्य तर बॅटरीची तार सोडावी. गाडी ढकलून अगर ओढून कारागिराकडे न्यावी. इंजिनाचे तेल पाहण्याची पट्टी ओढून बघावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी आत गेले आहे असे समजावे. मागील आसाचे व गिअराचे तेलही बदलून घ्यावे, ब्रेक तपासावे. विमा पूर्ण असला तरी, बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या खटपटीत झालेली मोडतोड तो सामान्यतः भरून देत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण आधीच घेतलेले असावे लागते. आणि कारागीर ‘थांबा’ म्हणाला, तर त्याचे वय, शिक्षण व व्याकरण न पाहता थांबावे.

पुढे गाडी पुन्हा उभी राहिली. तिची पंधरा वर्षांची नोंदणी त्याच वर्षी संपली होती. तपासणी करून, हरितकर भरून, आम्ही ती पाच वर्षांनी वाढवून घेतली. दादा त्या गाडीतून आणखी दोन वर्षे रुग्णालयात जात-येत राहिले. २०२० साली ते गेले. २०२३ साली नोंदणीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणाले, इंजिन अजून ठणठणीत आहे, आणखी पाच वर्षे सहज निघतील. सूनबाई म्हणाल्या, खालचा सांगाडा गंजला आहे, मुलांना घेऊन त्यात बसावयास मन धजत नाही. आमचे मत विचारले गेले. खरे सांगावयाचे तर दादांची गाडी मोडीत देण्याच्या कल्पनेने आमच्या पोटात कालवत होते. परंतु क्वालिस भरपूर खपत असतानाच, २००५ साली, त्या कंपनीने ती करावयाची थांबविली होती, ही गोष्ट दादांनीच आम्हास सांगितली होती. आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलाविले. त्याने गाडीखाली शिरून पाहिले, हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “सर, आता थांबा.”

या वेळी त्याला ते एकदाच सांगावे लागले. त्याच आठवड्यात गाडी सरकारमान्य मोडणी केंद्रात गेली.

वाकलेल्या दोन दांड्यांपैकी एक आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे. हा मजकूर लिहिताना कागद त्यानेच दाबून धरले होते. नातवाने परवा विचारले, “आजोबा, हे लोखंड वाकडे का?” आम्ही त्यास सर्व हकीकत सांगितली, आपली चूक न वगळता. ती ऐकून तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, “मग तुम्ही त्या काकांना सॉरी म्हणालात का?”

म्हणालो नव्हतो. पाच वर्षे त्यांच्याकडून गाडी दुरुस्त करून घेतली, पैसे चुकते केले, दिवाळीस फराळही धाडला. पण तेवढे एक वाक्य राहून गेले होते. गेल्या रविवारी वालीवास जाऊन ते म्हणून आलो. तो संकोचला, आणि आम्हास चहा मागविला.